अतिनील वर्णपटाची सुरुवात धुळीपासून कर

तू ग्रहीय तेजोमेघाच्या, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या, अतिनील वर्णपटातून थेट कार्बनचं प्रमाण काढायला बसलास, पण आधी धूळ बघ. अतिनीलमध्ये वाटेतली धूळ दृश्य प्रकाशापेक्षा खूप जास्त प्रकाश खाते, २१७५ अँगस्ट्रॉमपाशी (हे तरंगलांबीचं एकक, पुढचे रेषांचे आकडेही त्यातच) तर खड्डाच पडतो. ती दुरुस्ती चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या १६४० (अतिनील) आणि ४६८६ (दृश्य) या रेषांच्या तेजाचं मूळ, धुळीआधीचं गुणोत्तर सिद्धांतावरून कळतं, मोजलेलं गुणोत्तर त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरी अडचण छिद्राची, म्हणजे उपकरणात प्रकाश जिथून शिरतो त्या जागेची. आययूई या अतिनील दुर्बीण-उपग्रहाचं (१९७८ ते १९९६) मोठं छिद्र साधारण १० बाय २० विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) होतं. तेजोमेघ त्याहून मोठा असेल तर दृश्य वर्णपटही त्याच तुकड्याचा हवा. मी हे सुरुवातीला पाळलं नाही आणि कित्येक आठवडे वाया गेले.

एवढे कष्ट कशाला? कारण कार्बनच्या ठळक रेषा इथेच आहेत: १५४८-१५५१ आणि १९०७-१९०९. दुसऱ्या जोडीच्या गुणोत्तरातून घनताही मिळते, फक्त दोन्ही रेषा वेगळ्या दिसतील इतकं विभेदन हवं.

पहिल्या सरावाला एनजीसी ७६६२ हा तेजोमेघ घे. ‘मांजराचा डोळा’ या तेजोमेघाचा, म्हणजे एनजीसी ६५४३चा, मध्यतारा नंतर. त्याच्या वाऱ्याचे, म्हणजे त्यातून बाहेर वाहणाऱ्या वायूचे, पी सिग्नी आकार (उजळ रेषेला निळ्या बाजूने चिकटलेला काळा खड्डा) फार देखणे आहेत, पण ते ताऱ्याचे. तेजोमेघाच्या रेषांत मिसळू नकोस.