जुना डिजिटल लायका घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार. मी डोंबिवलीचा, नोकरी सांभाळून गेली काही वर्षं रस्त्यावरचे फोटो काढतो. रेंजफाइंडरची, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याची, इच्छा जुनीच आहे. आता एकाकडे लायका एम९ मिळतोय, नुसती बॉडी, एक लाख ऐंशी हजार म्हणतायत. बॉक्स, चार्जर, बिल सगळं आहे आणि अंगावर एक ओरखडा नाही. सेन्सर बदललाय का विचारलं तर म्हणाले माहीत नाही, फोटो मात्र मस्त येतात. माझं बजेट लेन्स धरून तीन लाखापर्यंत आहे. घेऊन टाकू का?

उत्तर: नका घेऊ. निदान "माहीत नाही" या उत्तरावर तरी नक्कीच नका घेऊ.

एम९ सप्टेंबर २००९ मध्ये आला तेव्हा तो पहिला फुल फ्रेम (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) डिजिटल रेंजफाइंडर होता, १८ मेगापिक्सल, आत कोडॅकचा सीसीडी (जुन्या प्रकारचा) सेन्सर, आणि त्याच्या रंगांवर लोक आजही जीव टाकतात. कमी आयएसओला, चांगल्या उजेडात त्याची फाइल खरंच सुंदर असते, त्यात वाद नाही. पण त्या सेन्सरवर जी पातळ काच बसवलीय ती ओलाव्याने हळूहळू गंजते. हा सगळ्या एम९ कुटुंबाचा रोग आहे, म्हणजे एम९, एम९-पी, एम-ई टाइप २२० आणि २०१२ चा फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारा पहिला मोनोक्रोमसुद्धा. कंपनीने दोष मान्य केला, बरीच वर्षं सेन्सर फुकट बदलून दिले, २०१७ नंतर पैसे घ्यायला लागली आणि आता तर बदलायला सेन्सरच शिल्लक राहिलेले नाहीत. बाहेरचे काही लोक फक्त वरची काच बदलून देतात, पण त्यासाठी कॅमेरा परदेशात पाठवायचा, ड्युटीची कागदपत्रं करायची, परत आल्यावर रेंजफाइंडर जुळतोय का ते बघायचं, हे सगळं तुम्ही एक लाख ऐंशी हजार दिल्यावर सुरू होणार.

आणि ओरखडा नाही म्हणजे कॅमेरा चांगला, हे इथे लागूच होत नाही. गंज वापरामुळे नाही तर हवेमुळे चढतो, त्यामुळे दहा वर्षं कपाटात जपून ठेवलेला एम९ बाहेरून कोरा आणि आतून गेलेला असू शकतो. मी तर म्हणेन की कडा घासून पितळ दिसायला लागलेला पण सेन्सर बदलल्याची सर्व्हिसची पावती असलेला एम९ हा चकचकीत पण पावती नसलेल्यापेक्षा कितीतरी चांगला सौदा.

तरीही बघायला जाणारच असाल, तर स्वतःचं कार्ड घेऊन जा, आणि ते ३२ जीबीपर्यंतचंच न्या कारण त्यापुढची कार्डं एम९ ला धड चालत नाहीत. लेन्सचं अॅपर्चर एफ/१६ पर्यंत बंद करा, फोकस मुद्दाम चुकवा, म्हणजे आकाश घेणार असाल तर फोकस जवळ ठेवा, आणि कोऱ्या आकाशाचे नाहीतर पांढऱ्या भिंतीचे चार-पाच फोटो डीएनजीमध्ये (म्हणजे रॉ, कच्च्या फाइलमध्ये) काढा. घरी येऊन कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर उघडा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि कोपऱ्यांपासून सुरुवात करून सावकाश सगळी फ्रेम बघा. धूळ असेल तर नुसता काळपट ठिपका दिसतो, ब्लोअर मारला की जातो किंवा जागा बदलतो. गंज असेल तर ठिपका गडद आणि भोवती फिकट कडं, आणि काही केलं तरी तो त्याच जागी बसलेला. असा एक जरी दिसला तरी पुढे वाढणार असंच समजा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर हे काही दिसत नाही, म्हणून तिथल्या तिथे पैसे देऊ नका, विकणारा माणूस सरळ असेल तर एक दिवस थांबतो.

आता माझं खरं मत. तुमच्या बजेटमध्ये एम२४० बघा. २०१२ मध्ये जाहीर झाला, २४ मेगापिक्सल, सीएमओएस (नव्या प्रकारचा) सेन्सर, त्याला हा गंजाचा त्रास नाही, बॅटरी भरपूर चालते. एम९ ५८५ ग्रॅम आणि हा ६८० ग्रॅम, त्यामुळे हातात जाडजूड वाटतो, आणि सुरुवातीला त्याच्या त्वचेच्या रंगांबद्दल लोकांनी तक्रारी केल्या होत्या, पण डीएनजी काढणाऱ्याला ते जमवून घेता येतं. लोकलमध्ये, फलाटावर, संध्याकाळी काम करणार असाल तर एम९ आयएसओ ८०० च्या पुढे दमतो, एम२४० तिथून पुढे बराच जातो. सेन्सर बदललेला एम९ आणि व्यवस्थित एम२४० यांच्या किमतीत बरेचदा फारसा फरकही नसतो. एम१० जानेवारी २०१७ चा, फिल्मच्या एमइतका सडपातळ आणि व्ह्यूफाइंडर मोठा, माझ्या मते डिजिटल एममधला सगळ्यात समतोल कॅमेरा, पण तो घेतलात तर लेन्सला पैसे उरणार नाहीत.

एम२४० ला अजून एक मोठा फायदा म्हणजे लाइव्ह व्ह्यू, मागच्या स्क्रीनवर चित्र बघत फोकस करायची सोय, आणि तो जुना कॅमेरा तपासताना फार कामाला येतो. रेंजफाइंडर म्हणजे शेवटी आत दांडे, चाकं, आरसे असलेलं यंत्र, कॅमेरा एकदा आपटला की ते हलतं. आधी लेन्स अनंतावर लावा आणि लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकाकडे बघा. मधल्या उजळ चौकोनात दोन टॉवर दिसायला नकोत. डावीउजवीकडे सरकलेले दिसले तर फोकस चुकतोय, एकावर एक वरखाली दिसले तर उभ्यातलं अलाइनमेंट गेलंय, फोटो त्यातही शार्प येईल पण डोळ्याला सतत त्रास होतो. मग एक मीटरवर जा, ५० मिमीच्या लेन्सचं अॅपर्चर पूर्ण उघडा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून एखाद्या पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरं शार्प करा, आणि लेन्सला धक्का न लावता व्ह्यूफाइंडरमधून बघा. दोन्ही प्रतिमा तिथेही जुळलेल्या असतील तर छान. नसतील तर दुसरी लेन्स लावून हेच करा, दोन्हीला तेवढाच फरक आला तर दोष बॉडीत आहे, एकीलाच आला तर त्या लेन्समध्ये. एम९ ला लाइव्ह व्ह्यू नाही, तिथे तिरकी पट्टी ठेवून फोटो काढूनच ठरवावं लागतं.

बॉडीत दोष निघाला म्हणून घाबरून सोडून द्यायची गरज नाही, कॅलिब्रेशन होतं, म्हणजे रेंजफाइंडर परत जुळवून मिळतो, फक्त तो खर्च आणि वेळ किमतीतून कमी करून मागा. बाकीचं पटकन: १/४००० ला आकाशाचा फोटो काढा, एका बाजूला काळी पट्टी आली तर शटर थकलंय. फ्लॅश लावायच्या खाचेतला सिरियल नंबर बिलाशी जुळवा. खालची प्लेट काढून बॅटरीची जागा बघा, हिरवट डाग नकोत.

लेन्ससाठी लायकाचाच हट्ट धरू नका. फोक्टलेंडरची ३५ मिमी कलर स्कोपार किंवा झाइसची ५० मिमी प्लॅनार, दोन्ही एम माउंटच्या, म्हणजे लायकाच्या एम बॉडीवर सरळ बसणाऱ्या, त्यांनी काढलेल्या फोटोला कोणी नावं ठेवणार नाही. हे माउंट १९५४ पासून तेच आहे, बॉडी दहा-पंधरा वर्षांत म्हातारी होते आणि लेन्स पुढच्या बॉडीवर जाते, म्हणून पैसा वाटताना मी लेन्सच्या बाजूने झुकतो.

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरला कॉलेजला आहे, एम८ खूप स्वस्त मिळतोय. सुरुवात म्हणून घेऊ का? त्यावर काढलेले काळे कपडे जांभळे येतात असं ऐकलंय, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे रे. एम८ २००६ चा, लायकाचा पहिला डिजिटल एम, सेन्सरसमोरची काच इतकी पातळ ठेवली की इन्फ्रारेड आत शिरतं आणि सिंथेटिक काळा कोट, छत्री, सॅक जांभळट येतात. उपाय म्हणून प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावायचा, कंपनीने तेव्हा मालकांना दोन फिल्टर फुकटही दिले होते. तू ब्लॅक अँड व्हाइट काढणार असशील तर हा त्रास उरतच नाही, उलट काहींना तो टोन आवडतो. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, १.३३ क्रॉप आहे, म्हणजे ३५ ची लेन्स साधारण ४७ सारखी दिसणार.

मला काळजी दुसरीच आहे. याचा मागचा स्क्रीन बिघडला तर पार्ट मिळत नाहीत, कडेने कॉफी सांडल्यासारखा डाग पसरतो आणि मग तो तसाच सोबत राहतो. कॅमेरा जवळपास वीस वर्षांचा आहे. आईवडिलांकडून पैसे घेऊन एवढा धोका पत्करावा असं मला वाटत नाही. तुला रेंजफाइंडरनेच काम शिकायचं असेल तर चालू स्थितीतला फिल्मचा रेंजफाइंडर घे, कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ सारखा, ४० मिमी एफ/१.७ ची चांगली लेन्स त्याला लागलेलीच असते. त्याचे दोन-चार रोल काढ, हे फोकस करणं तुला आवडतंय की नाही ते तेवढ्यात कळेल, आणि नाही आवडलं तर फार काही अडकलेलं नसेल.

प्रश्न: माझी बहीण जर्मनीत असते, ती दिवाळीला येताना तिकडून वापरलेला एम१० आणणार म्हणतेय. इथल्यापेक्षा स्वस्त पडेल ना?

उत्तर: दुकानाची गॅरंटी हा तिकडचा मोठा फायदा. तिकडे जुन्या कॅमेऱ्यांची नावाजलेली दुकानं तपासून, दर्जा लिहून आणि वर्षभराची हमी देऊन विकतात, इथे ओळखीतून घेताना तसलं काही मिळत नाही. पण वापरलेला असला तरी कस्टम्सच्या लेखी तो महागाची वस्तू आहे, ड्युटी फ्री मर्यादेच्या वर जाणार, तेव्हा ताईंना रेड चॅनेलमधून जाऊन जाहीर करायला सांगा आणि बिल हातात ठेवायला सांगा. ड्युटी धरून हिशोब करा, मग इथल्या किमतीशी तुलना करा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. बॅटरी केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. आणि हमीच्या काळात काही निघालं तर कॅमेरा परत तिकडेच पाठवावा लागणार, ते ताईंना जमणार आहे का हे आधी विचारून घ्या.

प्रश्न: आम्ही मालवणला राहतो. वडिलांची लायकाची जुनी ५० मिमी समिक्रॉन लेन्स आहे, तिच्यासाठी बॉडी शोधतेय. लेन्स आत थोडी धुरकट दिसते, बॉडीला काही होईल का?

उत्तर: ताई, आधी लेन्सचं बघा, बॉडी नंतर. लेन्सचं अॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि काचेवर सगळीकडे सारखा पातळ पडदा असेल तर तो हेझ, जुन्या समिक्रॉनमध्ये आतल्या वंगणाची वाफ बसून तो कायम येतो. दोन्ही उघडून साफ होतं, हेझ तर बहुतेक वेळा पूर्ण जातो, बुरशीने मात्र कोटिंग खाल्लं असेल तर त्याची खूण राहते. घरच्या घरी उघडू नका, जुन्या समिक्रॉनची आतली कोटिंग फार नाजूक असते, साध्या कापडानेसुद्धा ओरखडे उठतात. लेन्सला बुरशी असेल तर साफ होईपर्यंत बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा.

तुमच्याकडच्या हवेत जुना, सेन्सर न बदललेला एम९ तर मी अजिबात सुचवणार नाही. एम२४० घ्या, आणि कॅमेऱ्याच्या बजेटमधूनच एक छोटं ड्राय कॅबिनेट घ्या, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका कारण चामडं ओल धरून ठेवतं. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढत जा, वडिलांची लेन्स आहे, ती वापरात राहिलेली बरी.