डेडलाइनला प्रॉस्पेक्ट देऊन मोठा पिचर आणावा का? ट्रेड तोलायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा मेजर लीग बेसबॉलमधला संघ वाइल्ड कार्डपासून (डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफमध्ये नेणारी जागा) तीन सामने मागे आहे, डेडलाइन, म्हणजे क्लबांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल (ट्रेड) करण्याची शेवटची तारीख, तोंडावर आली आहे, आणि एका नावाजलेल्या स्टार्टरच्या (सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) बदल्यात समोरचा क्लब तुमचे तीन प्रॉस्पेक्ट (मोठ्या लीगमध्ये अजून न रुजलेले होतकरू खेळाडू) मागतोय. द्यावेत का?

इथल्या एका उत्तरात कुणीतरी लिहिलंय, "प्रॉस्पेक्ट म्हणजे लॉटरीचं तिकीट, हातात येणारा पिचर खरा, डोळे झाकून द्या." ३१ जुलै २०१८ ला पिट्सबर्ग पायरेट्सचे चाहते हेच म्हणत होते, आणि तेव्हापासून मी या वाक्याशी भांडतोय. त्यामुळे उत्तर लांबणार.

त्या दिवशी पायरेट्सनी टॅम्पा बे रेजकडून क्रिस आर्चर घेतला. बदल्यात दिले टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि 'नाव नंतर सांगू' या कलमाखालचा एक खेळाडू. ते नाव दोन आठवड्यांनी उघड झालं: शेन बाझ, आदल्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बाराव्या क्रमांकावर घेतलेला पिचर. पायरेट्स नुकतेच ओळीनं ११ सामने जिंकले होते, वाइल्ड कार्ड नजरेच्या टप्प्यात आलं होतं, आणि सगळ्या शहराला काहीतरी मोठं घडायला हवं होतं.

कागदावर आर्चर देखणाच होता. २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं त्यानं दर हंगामात २०० च्या वर इनिंग टाकल्या, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) दर वर्षी २३० च्या वर. करार स्वस्त, आणि क्लबच्या हातातले ऑप्शन (करार वाढवण्याचे हक्क) धरले तर २०२१ अखेरपर्यंत ताबा. म्हणजे दोन महिन्यांचा भाडोत्री नव्हे. खटकणारी गोष्ट एकच होती. त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, कमी तितका चांगला) २०१६ मध्ये ४.०२, २०१७ मध्ये ४.०७ आणि २०१८ मध्ये ट्रेडच्या दिवशी ४.३१ होता. एफआयपी मात्र, म्हणजे फक्त स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकट बेस) आणि होमरन यांवरून काढलेला आकडा, त्याहून चांगला दिसत होता. त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की बिचाऱ्याचं नशीब वाईट आहे, मैदान आणि फिल्डर बदलले की ईआरए आपोआप खाली येईल.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. एका हंगामात ईआरए आणि एफआयपी यांच्यात फट पडली तर नशीब म्हणा. तीच फट तिसऱ्या वर्षीही तशीच राहिली तर तो त्या पिचरचा गुण आहे, योगायोग नाही. आर्चरची मदार मुळात दोनच चेंडूंवर होती, फास्टबॉल आणि स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू). स्लायडर अव्वल होता, पण फास्टबॉल स्ट्राइक झोनमध्ये (वैध चेंडूच्या चौकटीत) चुकीच्या जागी पडला की बॅटर तो जोरात मारायचे. असा पिचर बॅटिंग ऑर्डरची तिसरी फेरी सुरू झाली की उघडा पडतो, कारण तोवर समोरच्यानं दोन्ही चेंडू दोनदा पाहिलेले असतात. हे तपासायला दहा मिनिटं पुरतात: पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतले आकडे वेगवेगळे काढा. तिसऱ्या फेरीत मोठी घसरण दिसली तर तुम्ही सहा इनिंगचा पिचर घेत नाही आहात, पाचचा घेत आहात, आणि उरलेलं ओझं बुलपेनवर (स्टार्टरनंतर उतरणाऱ्या पिचरांवर) पडणार आहे.

दुसरा आक्षेप त्याहून मोठा, आणि माझ्या लेखी ट्रेड तोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. खेळाडूचं वजन एकट्याचं नसतं, तो कुणाच्या हाताखाली जाणार आहे ते धरून असतं. पायरेट्सची त्या काळातली पद्धत ठरलेली होती: चेंडू खाली ठेवा, टू-सीम फास्टबॉल (शेवटी खाली बुडणारा) टाका, ग्राउंडबॉल (जमिनीलगत जाणारा फटका) काढा. २०१३ ते २०१५ मध्ये ती चालली. पण तोवर बॅटर खालचा चेंडू उचलून मारायला शिकले होते. आर्चरनं टू-सीमर कधीच सोडून दिला होता, तो पिट्सबर्गमध्ये त्याच्या हातात परत आला. २०१९ मध्ये त्याची नोंद ३ विजय, ९ पराभव, ईआरए ५.१९ आणि जेमतेम १२० इनिंगमध्ये २५ होमरन. तो चेंडू त्यानं हंगामाच्या मध्यावर पुन्हा बाजूला ठेवला, तोवर वर्ष हातचं गेलं होतं.

आता तोच काटा दुसऱ्या बाजूनं बघा. ग्लासनाउ पायरेट्सकडे बुलपेनमध्ये, हरणाऱ्या सामन्यांच्या शेपटाला वापरला जात होता. सहा फूट आठ इंच उंची, पाऊल इतकं लांब की चेंडू बॅटरच्या जवळून सुटल्यासारखा वाटतो, आणि वरून कोसळणारा कर्व्ह. अशा पिचरला गुडघ्याच्या उंचीवर कोपरे साधायला लावणं म्हणजे त्याची ताकद काढून घेणं. रेजनी त्याला लगेच रोटेशनमध्ये (आळीपाळीनं सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरांत) घेतलं आणि कोपरे सोडून झोनच्या मधोमध, वरच्या बाजूला फास्टबॉल टाकायला सांगितलं. २०१९ मध्ये १२ स्टार्टमध्ये त्याचा ईआरए १.७८. मेडोजनं त्याच वर्षी ३३ होमरन मारले आणि ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा) पहिला सामना ग्लासनाउनं सुरू केला.

आणि हे आधी कळण्यासारखं होतं. जानेवारी २०१८ मध्ये याच पायरेट्सनी गेरिट कोल ह्यूस्टन ॲस्ट्रोजला दिला होता. ॲस्ट्रोजनी सिंकर (टू-सीमसारखाच खाली बुडणारा चेंडू) कमी करून फोर-सीमर (सरळ जाणारा फास्टबॉल) वर टाकायला लावला, आणि त्या हंगामात कोलनं २७६ बॅटर स्ट्राइकआउट केले, ईआरए २.८८. जुलैपर्यंत हा फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आपला पिचर दुसऱ्याकडे जाऊन चार महिन्यांत बदलतो हे दिसत असताना, अजून एक न उमललेला पिचर हातावेगळा करणं मला आजही पटत नाही.

म्हणून समोरचा क्लब नाव घेऊन एखादा पोरगा मागतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: याच्यात त्यांना असं काय दिसलं जे आपल्याला जमलं नाही? त्याचा चेंडूचा फिरकीदर, रिलीजची जागा, कोणता चेंडू किती टक्के टाकतो आणि कोणत्या चेंडूवर बॅट हुकते, हे परत काढून बघा. सगळ्यात चांगला चेंडूच तो सगळ्यात कमी टाकत असेल, तर समोरच्यांनी ते हेरलेलं आहे. तसा खेळाडू द्यायचा असेल तर आजच्या भावानं देऊ नका, सुधारल्यानंतरच्या भावानं द्या.

तुमच्या तीन सामन्यांचं गणित त्या मानानं साधं आहे. १६२ पैकी डेडलाइननंतर साधारण ५० ते ५५ सामने उरतात. पाच जणांच्या रोटेशनमध्ये नव्या स्टार्टरच्या वाट्याला ११ स्टार्ट. पूर्ण वर्षाला ४ वॉर (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा जास्तीचे विजय) देणारा पिचर, म्हणजे पक्का चांगला, या काळात सव्वा वॉरच्या आसपास देईल. त्यातून ज्याला तुम्ही बाहेर बसवणार त्याचं काम वजा करा. उरतो जेमतेम एक विजय. तीन सामन्यांची तूट एका स्टार्टरनं भरत नाही. मोठ्या पिचरची खरी किंमत ऑक्टोबरात वसूल होते, कारण तिथे सुट्टीचे दिवस जास्त, तीन-चार स्टार्टरवर भागतं आणि सर्वांत चांगला पिचर मालिकेत दोनदा येतो. त्यामुळे ज्याचा प्लेऑफमधला प्रवेश जवळपास पक्का आहे त्याला तो महाग घेणं परवडतं, तुम्हाला नाही.

२०१६ चं शिकागो कब्ज हे त्याचं स्वच्छ उदाहरण. भाडोत्री क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) आरोल्डिस चॅपमनसाठी त्यांनी यँकीजना ग्लेबर टोरेससह चार खेळाडू दिले. टोरेस पुढे तीनदा ऑल-स्टार झाला, तरी तो ट्रेड बरोबरच होता असं मी म्हणतो. संघ जुलैमध्ये आपल्या डिव्हिजनमध्ये पहिला होता, शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला (टोरेसच्याच क्षेत्ररक्षणाच्या जागा) ॲडिसन रसेल आणि हावियर बायेझ तरुण होते, टोरेसला जागाच नव्हती, आणि गरज नेमकी नवव्या इनिंगची होती. १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात राजाई डेव्हिसनं चॅपमनला बरोबरीचा होमरन मारला हे खरं, पण चॅपमन नसता तर पाचवा सामनाच निसटला असता. तिथे त्यानं शेवटचे आठ बळी एकट्यानं काढले.

देण्याच्या बाजूला काय ठेवताय तेही नीट मोजा. प्रॉस्पेक्ट म्हणजे सहा वर्षांचा ताबा. १७२ दिवसांच्या सेवेला एक वर्ष धरतात, पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगार (२०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर), मग तीन वर्षं आर्बिट्रेशन (गरज पडल्यास लवादानं ठरवलेला पगार). याउलट हंगामाच्या मध्यात घेतलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) देता येत नाही, म्हणजे तो नोव्हेंबरात फ्री एजंट (करारमुक्त) होऊन गेला की भरपाईचा ड्राफ्ट पिकही मिळत नाही. आयपीएल बघणाऱ्यांना वाटतं की पैसे जास्त देऊन प्रश्न मिटेल, हार्दिक पंड्या २०२३ मध्ये नुसत्या रोख व्यवहारात मुंबईला परत आला तसा. बेसबॉलमध्ये तो रस्ता बंद आहे. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी १९७६ मध्ये तीन स्टार रोखीत विकायला काढले तेव्हा लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी ते सौदे रद्द केले. त्यानंतर मोठा माल खेळाडूंच्याच रूपात मोजावा लागतो.

वैद्यकीय कागद ही शेवटची पायरी नव्हे, पहिली समजा. २०१६ मध्ये मायामी मार्लिन्सनी सॅन डिएगो पाद्रेजकडून कॉलिन रे घेतला आणि पहिल्याच स्टार्टमध्ये त्याचं कोपर गेलं. तो परत पाठवला, बदल्यात दिलेला लुइस कास्टियो परत घेतला. त्याच हंगामात दुसऱ्या एका सौद्यात वैद्यकीय माहिती दडवल्याबद्दल पाद्रेजचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना ३० दिवसांचं निलंबन झालं. पिचरचा वेग महिन्यामहिन्याला उतरतोय का आणि रिलीजची उंची घसरतेय का, हे दोन आलेख डॉक्टरच्या अहवालाआधी काढायचे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो: आर्चरवर २०२० मध्ये थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमची (मान आणि खांद्यामधल्या नसा दबण्याचा त्रास) शस्त्रक्रिया झाली, तो पूर्ण हंगाम बुडाला, आणि ते २०१८ मध्ये कुणी तोलू शकलं नसतं. ग्लासनाउ आणि बाझ दोघांच्याही कोपरावर पुढे टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे रेजनाही सगळा माल अखंड मिळाला नाही. तिकीटवाल्यांच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे की तरुण पिचर कधी मोडेल याचा नेम नसतो. म्हणूनच द्यायचाच असेल तर खालच्या लीगमधला अठरा-एकोणीस वर्षांचा पिचर द्या, ट्रिपल-ए मध्ये (मोठ्या लीगच्या लगेच खालची पायरी) तयार बसलेला बॅटर राखा.

तुमच्याबद्दल माझं मत: तीन देऊ नका. स्टार्टरऐवजी सातव्या-आठव्या इनिंगचा, अजून दोन वर्षं ताब्यात राहणारा रिलीव्हर (बुलपेनमधला पिचर) शोधा. तो एका प्रॉस्पेक्टमध्ये येतो आणि तुमचे निसटणारे सामने धरून ठेवतो. तरीही स्टार्टरच हवा असेल तर आधी तुमची रूल ५ ची यादी काढा. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्यांना पाच हंगामांनी, बाकीच्यांना चार हंगामांनी क्लबच्या ४० जणांच्या रोस्टरवर (मुख्य यादीवर) घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरात दुसरा कुणी उचलतो. ज्यांना येत्या नोव्हेंबरात तुमच्याकडे जागा होणार नाही त्यांची किंमत तुमच्यापेक्षा रिकामं रोस्टर असलेल्या, पडझडीतल्या क्लबला जास्त आहे. बोलणी त्या नावांपासून सुरू करा, आणि समोरच्यानं मागितलेल्या तिघांपैकी ज्याच्यावर ते अडून बसतील, त्याचे व्हिडिओ स्वतःच्या पिचिंग कोचला त्याच रात्री पुन्हा बघायला लावा.