जपानहून येताना घरच्यांसाठी खाण्यापिण्याचं काय आणावं? आई-बाबा अंडंही खात नाहीत.

चार वर्षं ओसाकात राहिलो, दर सुट्टीत बॅग भरून आणली आणि चुकाही करून झाल्या, म्हणून सांगतो. विमानतळावर हमखास दिसणारे 'टोकियो बनाना' आणि सप्पोरोचं 'शिरोई कोइबितो' ऑफिससाठी घ्या. आई-बाबांना चालणार नाहीत, दोन्हींत अंडं असतं.

त्यांच्यासाठी क्योतोहून कोंपेइतो घ्या. डबी उघडली की आई म्हणेल, "अगं बाई, हा तर संक्रांतीचा हलवा!" खरंच तसाच असतो, काटेरी, रंगीत. आपल्याकडे खसखशीवर चमचा चमचा पाक सोडत परात हलवतात, तिथे तांदळाच्या बारीक कणीवर पाक सोडत तापलेली मोठी कढई फिरवत ठेवतात. एका घाण्याला दोन आठवड्यांहून जास्त लागतात! नाव पोर्तुगीज 'कोन्फेइतो'वरून आलंय. लुईस फ्रोइश या पाद्र्याने 1569 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराला काचेच्या बाटलीतून हीच मिठाई भेट दिली होती, आणि जपानला जाण्याआधी हे महाशय गोव्यात शिकत होते. साधी साखरेचीच घ्या. महिनोन् महिने टिकते.

दुसरं म्हणजे योकान. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण चायना ग्रासमध्ये घट्ट केलेलं, वडीसारखं कापून खायचं. पाकीट न फोडता बरेच महिने राहतं. बाबांना पुरणपोळी आवडत असेल तर हेही आवडेल.

क्योतोचंच यात्सुहाशी म्हणजे तांदळाचं पीठ, साखर आणि दालचिनी. भाजलेलं, कडक घ्या. मऊ, पुरण भरलेलं 'नामा' यात्सुहाशी चवीला सरस, पण आठ-दहा दिवसांत संपवावं लागतं. एकूणच पाकिटावर 'नामा', म्हणजे कच्चं किंवा ताजं, असं असेल तर तारीख बघूनच हात घाला.

आता माझा पराक्रम. ओकिनावाची चिन्सुको दिसायला आणि तोंडात विरघळायला थेट नानकटाई. मावशीने चार खाल्ल्या आणि विचारलं, "साजूक तुपातली का रे?" रात्री फोनचा कॅमेरा लेबलवर धरला तर दुसराच घटक डुकराची चरबी. पारंपरिक चिन्सुको त्यातच करतात. मावशीला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा घटक दुकानातच वाचा.

गोडाचा कंटाळा असेल तर सान्शोची पूड. हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, सर्वाधिक पिकतं वाकायामात. तशीच जीभ बधिर होते, फक्त वासाला लिंबाची झाक जास्त. आपण तिरफळ अख्खं टाकतो आणि खाताना बाजूला काढतो, ही मात्र वरून भुरभुरवायची. आमच्याकडे मुगाच्या आमटीवर घालतात. वास लवकर उडतो, म्हणून लहान डबी घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

घरात कुणी घेणारं असेल तर निइगाताची साके, म्हणजे तांदळाची दारू, गोडवा कमी असलेली. 720 मिलीच्या दोन बाटल्या कस्टम्सच्या 2 लिटरच्या मर्यादेत बसतात. 'नामाझाके' नको, तिला फ्रीज लागतो. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळून.