बूट माळ्यावर टाकणारी आठ नंबर

"पाच वर्षं खेळली, मॅडम. आता म्हणते फुटबॉल नको. बूटसुद्धा माळ्यावर टाकलेत." आई सांगत होती. वडिलांचं निदान तयार होतं: मोबाइल आणि आळस. मुलगी, वय तेरा, खिडकीबाहेर बघत बसलेली. तिचं नाव सांगणार नाही. जर्सीवर आठ आकडा होता, म्हणून आठ नंबरच म्हणते.

ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक बरेच असतात आणि मुलगी बहुधा बारा ते चौदाच्या मधली असते. जबरदस्ती करावी की सोडून द्यावं, एवढाच प्रश्न त्यांना पडलेला असतो.

मी सुरुवातच चुकीची केली. दोन भेटी 'आत्मविश्वासा'वर घालवल्या. श्वासाचे व्यायाम दिले, स्वतःच्या जमेच्या बाजू लिहायला सांगितल्या. तिने सगळं निमूट केलं. लवकर सुटका व्हावी म्हणून गृहपाठ उरकतात ना, तसं. तिसऱ्या भेटीत मी वह्या बाजूला ठेवल्या आणि म्हटलं, "मैदानावर पोचल्यापासून घरी येईपर्यंत काय काय होतं, ते क्रमाने सांग."

मग ती बोलायला लागली. कपडे बदलायला जागा नाही. टॉयलेटला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. पाळीच्या दिवसांत ती किल्ली मागायची, तीही पंधरा मुलांसमोर. वर शॉर्ट्स पांढऱ्या. अकराव्या वर्षी सगळे एकाच उंचीचे होते. आता मुलं वाढली, धक्का लागला की ती दोन हात लांब पडते, आणि तिच्याकडे पास येईनासा झाला. सोबतच्या दोघी आदल्या वर्षीच गळाल्या. आणि सामन्यांचं काय? मुलींची टीम भरत नाही म्हणून सामनेच नाहीत. वर्षभर सराव करायचा आणि मॅचच्या दिवशी मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

"मग मी कशाला जाऊ?" तिने विचारलं.

यात आत्मविश्वासाचा प्रश्न कुठे होता? मला तर तिचा हिशेब चोख वाटला.

वडिलांना मी एक जुनी गोष्ट सांगितली. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवलं आणि आपल्या क्लबांना सांगितलं, यांना मैदानं देऊ नका. खेळू नका असं म्हणायची गरजच पडली नाही. मैदान गेलं की खेळ आपोआप आटतो. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण इथे तर कोणी अडवलेलं नाही." नेमकं हेच वाक्य चार दिवसांनी कोचही बोलले: "मुलींना दार उघडंच आहे. त्याच येत नाहीत."

कोचना भेटण्याआधी मी मुलीला विचारलं होतं, काय सांगू, काय नको. तिने तीन गोष्टींना परवानगी दिली, चौथी माझ्याजवळच ठेवायला सांगितली. ती तिथेच आहे.

कोच माणूस वाईट नव्हता. अकरा मुली जमल्याशिवाय टीम नाही, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पाच-पाच जणींचा खेळ छोट्या मैदानात होतो, सहा जणी आल्या तरी तीन विरुद्ध तीन सुरू करता येतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मुलींसाठी ते सुचलं नव्हतं इतकंच. ठरलं ते असं: रविवारचा एक तास फक्त मुलींचा, तोही उजेड असतानाचा, उरलासुरला नाही. निवड चाचणी नाही. कधीच न खेळलेली मैत्रीण आणली तरी चालेल. पूर्वी इथे खेळलेली एक मोठी मुलगी मदतीला. टॉयलेटची किल्ली खिळ्यावर. शॉर्ट्स गडद रंगाच्या. शेवटच्या मुद्द्यावर ते जरा हसले, तेव्हा मी सांगितलं की इंग्लंडच्या महिला संघानेही २०२३ मध्ये याच कारणाने पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या. मग हसू थांबलं.

आईची भीती वेगळी होती: गुडघा. ती निराधार नाही. गुडघ्यातला एसीएल हा हाडांना जोडणारा अस्थिबंध फाटण्याचा धोका याच खेळात मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो. पण त्यावर उपाय आहे. फिफाचा '११+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे: धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. आठवड्यातून दोनदा नेमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. आणि खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा पोटात पुरेसं जात नसतं.

घरी मात्र एक बदल करावा लागला. "का नको?" हा प्रश्न बंद. त्या 'का'मध्ये मुलांना आरोपच ऐकू येतो. त्याऐवजी "कुठे अडतं?" असं विचारायचं, शक्यतो वाटेत चालताना, समोरासमोर बसवून नव्हे. तिला खरंच दुसरं काही आवडू लागलं असेल, तर खुशाल सोडू द्या. पण खेळाबरोबर झोप, जेवण, मैत्रिणी सगळंच सुटत असेल, तर विषय फुटबॉलचा राहत नाही. आणि एखाद्या ठरावीक मोठ्या माणसाचं नाव निघताच ती आक्रसत असेल, तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. मी हे आठ नंबरच्या बाबतीतही आधी तपासलं होतं.

पहिल्या रविवारी चौघी आल्या. एक चपला घालूनच, नुसती मैत्रिणीसोबत. सहा जणी व्हायला दीड महिना गेला, आणि मध्ये एक रविवार असा होता की आठ नंबर एकटीच भिंतीवर बॉल मारून परत आली. मुलांबरोबरच्या सरावाला ती अजून जात नाही. वडिलांना ते खटकतं.

सातव्या भेटीला ती आलीच नाही. आईच्या फोनवरून निरोप आला: "आज जमणार नाही. गोलकीपर आजारी आहे, मला उभं राहायचंय."