माझं नाव राहुल, नोकरीसाठी जपानला चाललोय. नाव जपानीत कसं लिहू? कांजीतलं (चिनी मुळाच्या अक्षरांतलं) जपानी नाव घ्यावं का?

कांजी नको, सरळ काताकानात (परदेशी शब्दांसाठीच्या जपानी उच्चारलिपीत) 'राऽफुरु' असं लिहा, कारण परदेशी नावं तिथे सहसा उच्चारावरून काताकानातच लिहितात आणि जपानीत 'ल' नाही म्हणून 'रु' होतं, 'हु' पण नाही म्हणून 'फु'. मी जपानी शिकवते, विद्यार्थ्यांना हेच सांगते की एकदा ठरवलेलं स्पेलिंग बँकेपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे तेच ठेवा, बँक ट्रान्सफरला काताकाना नावच लागतं आणि एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकू शकतात. रेसिडेन्स कार्डावर (तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांच्या ओळखपत्रावर) मात्र पासपोर्टसारखं रोमन अक्षरांतच नाव येतं. हां, पुढे जपानचं नागरिकत्व घेतलंत तर रोमन चालत नाही, तेव्हा काताकाना, हिरागाना (जपानीची दुसरी उच्चारलिपी) किंवा सरकारमान्य यादीतली कांजी घेता येते.