कायदा-सल्ला : जन्मठेप आणि मुदतपूर्व सुटका

प्रश्न : माझा भाचा खुनाच्या गुन्ह्यात वडोदरा मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगतो आहे. शिक्षा नाशिकच्या सत्र न्यायालयाने दिली. सुटकेचा अर्ज गुजरात सरकारकडे करायचा का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही, महाराष्ट्र सरकारकडे. कैदी कुठल्याही तुरुंगात असो, शिक्षा ज्या राज्यात झाली तेच सरकार निर्णय घेते. बिल्किस बानो प्रकरणात गुजरातने दिलेली सुटका सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी याच कारणाने रद्द केली. शिक्षा मुंबईत झाली होती. म्हणून अर्ज चुकीच्या दारी देऊ नका, वर्षे वाया जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ नुसार खुनासाठी १४ वर्षे प्रत्यक्ष कारावास हवाच. चांगल्या वर्तणुकीची माफी त्यात मोजत नाहीत, खटल्याआधीची कच्ची कैद मात्र मोजतात. अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या, निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडा. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशांचे सकारण मत सरकार मागवू शकते. बरीचशी प्रकरणे इथेच अडतात, तेव्हा पाठपुरावा लेखी ठेवा. तपास सीबीआयचा असेल तर केंद्राची सहमतीही लागते. नकार आला तर त्याची कारणे लेखी मागा. ती त्रोटक असतील तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.