ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीज या बोट कंपनीने ८०० जणांना एका दिवसात काढून एजन्सीचे लोक भरले, ते कायद्यात बसलं कसं? माझ्या भाच्याला तसल्याच एका फेरीची ऑफर आलीय, जाऊ द्यावं का?

मी पेडण्याचा. डेकवर एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, म्हणून चौदा वर्षं काढली, सगळी एजन्सीतून. म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय त्यातलाच एक. त्या कंपनीत नव्हतो, पण तसल्या जागेवर जाऊन आलोय, ते खाली सांगतो.

आधी झालं काय ते. १७ मार्च २०२२ ला सकाळी जहाजांना ऑर्डर आली की बंदरातच थांबा, मोठी अनाउन्समेंट आहे. मग आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला तीनेक मिनिटांचा व्हिडिओ, की तुमचा आजचा शेवटचा दिवस. ७८६ माणसं घरी. धक्क्यावर सिक्युरिटीवाले आणि नवा क्रू तयारच. हल बंदरात एका कॅप्टनने सरळ गँगवे, म्हणजे जहाजावर चढायचा जिना, वर ओढून घेतला आणि कुणाला आतच येऊ दिलं नाही, पण किती वेळ ओढून ठेवणार.

आता कायदा. तिकडे शंभर किंवा जास्त माणसं काढायची तर ४५ दिवस आधी युनियनशी बोलणी सुरू करावी लागतात. आठवड्याभरात त्यांचा सीईओ खासदारांच्या कमिटीसमोर बसून म्हणाला की हो, बोलायला पाहिजे होतं, पण आम्ही ठरवून बोललो नाही, कारण कुठलीच युनियन हे मान्य करणार नव्हती. म्हणजे चोर स्वतःच सांगतोय की कुलूप तोडलं. तरी सुटले. कारण दंडाचा हिशोब आधीच करून ठेवला होता, भरपाई म्हणून ३ कोटी ६५ लाख पौंड बाजूला काढलेले. आणि फौजदारी केसचं म्हणाल तर जहाजांवर झेंडे, म्हणजे नोंदणी, सायप्रस, बर्म्युडा, बहामाजचे, माणसांची कॉन्ट्रॅक्टं जर्सी बेटातल्या कंपनीची, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारला द्यायची नोटीस जायची ती झेंडा ज्या देशाचा त्या देशाला, ब्रिटनला नाही. मालक दुबईची डीपी वर्ल्ड, तीच जी आपल्या न्हावा शेव्यात टर्मिनल चालवते. ऑगस्टमध्ये तिकडच्या खात्याने जाहीर केलं की फौजदारी कारवाई करणार नाही.

पगाराचं पण तेच. नव्या क्रूला तासाला सरासरी साडेपाच पौंड, त्या दिवशी ब्रिटनचं किमान वेतन ८ पौंड ९१ पेन्स. पण परदेशी झेंड्याचं जहाज दोन देशांच्या मधे फिरतं म्हणून त्याला ते लागूच नव्हतं. नंतर २०२३ मध्ये त्यांनी खलाशांच्या पगाराचा वेगळा कायदा केला, आणि २०२४ ला त्याच सीईओला विचारलं की तासाला ४ पौंड ८७ पेन्समध्ये तुम्ही जगाल का, तर म्हणाला नाही. हे मात्र खरं बोलला.

आम्हा गोंयकारांना यात नवीन काही नाही हो. पी अँड ओच्या जुन्या बोटींवर जेवणखाण, केबिन बघणारे गोव्याचे, डेकवर रत्नागिरीकडचे, आणि त्यांचं ॲग्रीमेंटच वेगळं असायचं, गोऱ्याच्या पगाराच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्यात. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या राहायच्या खोल्यांमध्ये, आमचे तारवटी (खलाशी) महिनोन्‌महिने बोटीची वाट बघत पडून असायचे. आता कूड जाऊन व्हॉट्सॲप ग्रुप आला, एवढंच.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी मला एजंटने दोन दिवसांच्या नोटिशीवर युरोपात एका गाड्या नेणाऱ्या जहाजावर पाठवलं. एअरपोर्टवरून धक्क्यावर जाताना टॅक्सीतच एक कागद पुढे केला, फॅमिलरायझेशन चेकलिस्ट, म्हणजे लाइफबोट कुठे, फायर होस कुठे, मस्टर स्टेशन (संकटात जमायची जागा) कुठलं हे सगळं मला दाखवलं अशी सही करायची. जहाज अजून डोळ्याने बघितलं नव्हतं. केली सही. (पी अँड ओची युरोपियन कॉजवे ही फेरी उत्तर आयर्लंडमधल्या लार्न बंदरात अडकवून ठेवली ती अशाच कारणांनी, नव्या क्रूचं ट्रेनिंग नाही, जहाजाची ओळख नाही, कागद धड नाहीत.) केबिनमध्ये गेलो तर लॉकरात आधीच्या माणसाचे सेफ्टी शूज, ४३ नंबरचे, माझा पाय ४१. स्टोअरमध्ये माझ्या मापाचे नव्हते म्हणून पुढे कापडाचे बोळे कोंबून दोन आठवडे तेच घालून मूरिंगला, म्हणजे जहाज धक्क्याला बांधताना, उभा राहत होतो, आणि मूरिंगला रोप तुटला तर पाय जातो, हे कुठल्याही खलाशाला विचारा. जुन्यांपैकी एकटा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, राहिला होता. रोप ओढायचं विंच कसं वागतं ते त्याने दाखवलं, पण जेवायला कधी आमच्या टेबलावर बसला नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं की बुटांचा मालक त्याचा मेव्हणा.

मला राग आला का? आला, पण बोसनचा नाही. माझ्यावर तेव्हा घराचं कर्ज होतं आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं की जागा रिकामी कशी झाली. शिवाय आम्हाला दर नऊ महिन्यांनी काढतातच की, फक्त त्याला साईन-ऑफ म्हणतात, घरी बसलात की पगार बंद, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल याची गॅरंटी कुणी देत नाही, आणि त्याची बातमी होत नाही. त्याच मार्चमध्ये महाराष्ट्रात एसटीचा संप चालू होता, तिथेही कंत्राटी ड्रायव्हर आणून गाड्या काढत होते. आमच्या गावात त्यावरून एकाच घरात दोन भाऊ भांडले, एक संपात आणि एक कंत्राटावर जायला निघालेला.

भाच्याचं म्हणाल तर जाऊ दे, पण एजन्सीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरती करायच्या लायसन्सचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साईटवर बघा, आणि जॉइनिंगसाठी कुणी पैसे मागितले तर उठून यायचं, खलाशाकडून पैसे घ्यायला त्यांना परवानगी नाही. कॉन्ट्रॅक्टवर एम्प्लॉयर म्हणून कोणाचं नाव आहे, झेंडा कुठला, ओव्हरटाइम पगारात धरलेला आहे की वेगळा, हे निघायच्या आधी वाचून घ्या, विमानात बसल्यावर वाचून काय उपयोग.

आणि एक विचारायला सांगा, की माझ्या आधीचा माणूस कधी उतरला आणि का. मी हल्ली एजंटला पहिलं हेच विचारतो. मागच्या वेळी तो म्हणाला, तुला जायचंय की नाही तेवढं सांग. मी गेलो. बूट मात्र घरून नेले.